जुन्या जहाजांचे वैद्य : जमशेटजी बमनजी वाडिया

अल बर्शाहून समुद्राच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात उम्म सुकैमचा किनारा लागतो. तेथे नांगरलेल्या छोट्या शिडाच्या नौकांमध्ये आता आपल्या मराठी मंडळींच्याही काही नौका दिसू लागल्या आहेत. आठवडाभर संगणकासमोर बसणारी ही मंडळी सुट्टीच्या दिवशी हातात पाना घेऊन डोलकाठीच्या पायथ्याशी वाकलेली असतात. दहा-पंधरा वर्षे वापरलेली नौका विकत घ्यावी आणि तिचे जुने बोल्ट, पट्ट्या, तारा एकेक तपासून बदलाव्यात, हा या छंदाचाच भाग आहे. बाहेरून चकचकीत दिसणारा कोणता बोल्ट आतून खंगला आहे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नवा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवले. त्याच्या अनुभवातून जी जहाजे निर्माण झाली, त्यांपैकी एक आजही पाण्यावर तरंगते आहे. त्या माणसाचे नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजींची कथा त्यांच्या आजोबांपासून सुरू होते. लवजी नसरवानजी हे सुरतेच्या जहाजवाड्यातील मुख्य सुतार. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत एक जहाज बांधून घेतले, तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नजरेत त्यांचे काम भरले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७३६ मध्ये, काही निवडक सुतारांना बरोबर घेऊन लवजी मुंबईत आले. त्या वेळची मुंबई म्हणजे व्यापाराला आसुसलेले, परंतु सुरतेच्या सावलीत वाढणारे बेट होते. बेटाला बंदर उत्तम लाभले होते. मात्र जहाज दुरुस्त करण्याची सोय तेथे जवळजवळ नव्हती.

लवजींच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत पहिली सुकी गोदी उभी राहिली आणि पुढील दीड दशकात तिला लागून आणखी दोन झाल्या. आशिया खंडातील युरोपीय पद्धतीची ही पहिली सुकी गोदी मानली जाते. तिचे महत्त्व समजून घ्यायचे तर त्याआधी जहाजाची तपासणी कशी होई, हे पाहिले पाहिजे. भरतीच्या वेळी जहाज उथळ किनाऱ्यावर आणायचे, त्यावरील तोफा आणि माल उतरवायचा, दोरखंडांनी ओढून ते एका कुशीवर कलते करायचे आणि ओहोटीच्या चार-सहा तासांत पाण्याखालची जेवढी बाजू उघडी पडेल तेवढी खरवडून, पाहून घ्यायची. मग दुसरी कूस. या ओढाताणीत जुन्या जहाजाचे सांधे आणखी सैल होत, आणि तळाचा कणा तर नीट दिसतच नसे. सुक्या गोदीत मात्र मोठ्या भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचे, आणि जहाज सरळ उभे असतानाच त्याच्या पोटाखाली शिरून प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा हाताने चाचपायचा. मुंबईच्या भरती-ओहोटीतील मोठा फरक या कामी निसर्गाचे देणे ठरला.

अशा गोदीच्या काठावर, १७५० च्या दशकात जन्मलेले जमशेटजी लहानाचे मोठे झाले. लवजींचे पुत्र माणेकजी आणि बमनजी हे गोदीचा कारभार पाहत होते. माणेकजींचे पुत्र फ्रामजी आणि बमनजींचे पुत्र जमशेटजी या दोन नातवांना लवजींनी कोणतीही सवलत दिली नाही. मुख्य कारागिराच्या घरातील ही मुले महिना बारा रुपयांवर साध्या सुतारांच्या रांगेत काम करीत होती. १७७४ साली लवजी निवर्तले, तेव्हा जवळपास चार दशके कंपनीच्या लाखोंच्या कामावर देखरेख केलेल्या या माणसाने मागे ठेवलेली संपत्ती अगदी बेताची होती. नातवाला वारशात मिळाले ते मुख्यतः हातातले कसब आणि कामातला चोखपणा.

गोदीतल्या सुताराचे शिक्षण नव्या जहाजावर कमी आणि जुन्यावर अधिक होते. नवे जहाज कसे असावे हे नकाशा सांगतो. ते कसे मरते हे मात्र जुने जहाजच सांगते. लाकडाच्या जहाजाची परीक्षा घेण्याच्या त्या काळच्या रीती साध्या होत्या. मोगरीने फळी ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आवाज आला तर आत कुजलेले. संशय आला की गिरमिटाने छिद्र पाडायचे आणि निघालेला भुसा बोटांत चुरडून पाहायचा. सर्वांत अवघड परीक्षा लोखंडी बोल्टांची. त्यांचे डोके बाहेर असते आणि ते बरेच दिवस शाबूत राहते. झिजतो तो मधला भाग, जेथे बाहेरची फळी आतल्या वाशाला भिडते आणि सांध्यातून पाणी झिरपते. बोल्ट उपटून काढला तर दोन्ही टोके जाड आणि कंबर सुईसारखी बारीक, असे दृश्य पुष्कळदा दिसे. म्हणून जाणता कारागीर वरून पाहून निर्णय देत नसे. तो दोन-चार बोल्ट निरनिराळ्या ठिकाणचे बाहेर काढून पाहत असे. बदलतानाही सगळे एकदम काढायचे नसतात, नाहीतर जहाजाचा आकारच ढळतो. एक आड एक काढायचे, जुन्या छिद्राचे तोंड साफ करून किंचित जाड बोल्ट बसवायचा, मगच पुढच्याला हात लावायचा.

या विद्येची मोठी कसोटी १७८२ साली लागली. त्या वर्षी कोरोमंडलच्या आणि सिंहलच्या किनाऱ्यालगत इंग्रज नौसेनापती एडवर्ड ह्यूज आणि फ्रेंच नौसेनापती सुफ्राँ यांच्यात फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात चार लढाया झाल्या. चारही अनिर्णीत राहिल्या. दोन्ही बाजूंची जहाजे मात्र खिळखिळी झाली. पावसाळी वादळांचा काळ आला तेव्हा ह्यूज आपले आरमार घेऊन मुंबईला आला, कारण जहाजे कोरड्या जागी उभी करून दुरुस्त करण्याची सोय त्याला तेथेच मिळणार होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर फ्रेंचांपाशी अशी गोदी नव्हती. सुफ्राँला सुमात्रातील आचेच्या बंदरात जाऊन मिळेल त्या साहित्यावर भागवावे लागले. पंचविशी ओलांडलेले जमशेटजी तेव्हा वडील आणि काकांच्या हाताखाली याच गोदीत होते. एखाद्या गोदीतील सुतारकामावर दोन साम्राज्यांच्या युद्धाचा तोल कसा अवलंबून असतो, हे त्यांनी अगदी जवळून पाहिले.

त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये एक भयंकर अपघात झाला होता. २९ ऑगस्ट १७८२ रोजी स्पिटहेडच्या नांगरवाड्यात रॉयल जॉर्ज नावाची शंभर तोफांची युद्धनौका पाण्याखालच्या एका नळाच्या जोडणीची दुरुस्ती करण्यासाठी एका कुशीवर कलती केली होती. दुरुस्ती तशी किरकोळच होती. पण नौका पाहता पाहता बुडाली आणि आठशेहून अधिक माणसे, त्यांत भेटीला आलेल्या बायका-मुलांसह, प्राणास मुकली. लष्करी न्यायालयाने सांगाड्यातील लाकूड कुजले होते असा निष्कर्ष काढला. कारणांविषयी पुढे बरेच वाद झाले. जुन्या जहाजाची एक लहानशी जोडणी बदलताना संपूर्ण सांगाड्याचे बळ आधी जोखले पाहिजे, हा धडा मात्र निर्विवाद होता.

त्या काळी आणखी एक आजार नव्याने उद्भवला होता. लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून आणि शेवाळापासून बचाव व्हावा म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धत ब्रिटिश नौदलात रूढ होत होती. १७६१ मध्ये अलार्म या जहाजावर तिचा पहिला प्रयोग झाला. दोन वर्षांनी पत्रे उचकटून पाहिले तेव्हा तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले आढळले. जेथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये कागदाचा थर राहिला होता तेथे मात्र लोखंड शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन निरनिराळे धातू एकमेकांना भिडले की त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे कोडे शास्त्राने पुढे सोडवले. कारागिरांना ते आधी बोल्टांच्या रूपाने भेटले. अखेर १७८० च्या दशकात नौदलाने पाण्याखालील भागात लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरण्यास सुरुवात केली.

मुंबईचे बलस्थान होते सागवान. इंग्लंडमधील ओक लाकडात आम्ल असते आणि ते लोखंडाला खाते. सागाच्या अंगच्या तेलामुळे लोखंड गंजण्याऐवजी टिकते. कीड आणि कुज यांनाही साग सहज दाद देत नाही. त्यात मुंबई-सुरतेच्या कारागिरांची फळ्या जोडण्याची पद्धत वेगळी होती. युरोपात फळ्यांच्या सरळ कडा शेजारी शेजारी ठेवून मधली फट धाग्याने आणि डांबराने भरत. इथे मात्र एका फळीच्या कडेची खाच दुसरीच्या खाचेत बसवली जाई, त्यामुळे सांधा मुळातच घट्ट असे. काम सावकाश होई. परंतु त्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढे. आपल्या दुबईच्या खाडीत उभ्या असलेल्या जुन्या लाकडी गलबतांची गोष्टही याहून फार निराळी नाही. त्यांचेही सागवान मलबारातूनच येई, आणि त्यांचे खिळे तेलात भिजवलेल्या धाग्यात गुंडाळून ठोकले जात. हेतू हाच की पाणी लोखंडापर्यंत पोचू नये.

बमनजी १७९० मध्ये आणि माणेकजी १७९२ मध्ये वारले. गोदीची सूत्रे फ्रामजी आणि जमशेटजी या चुलतभावांकडे आली. १८०४ मध्ये फ्रामजीही गेले आणि पुढे जमशेटजी हेच मुख्य बांधकामकार राहिले. त्यांच्या हाताखाली कंपनीची जहाजे तयार होत होतीच. १८०० साली बांधलेले कॉर्नवॉलिस हे त्यांपैकी एक. त्याच्याविषयी एक कथा सांगितली जाते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी असलेल्या कुत्सित उल्लेखाचाच आधार घेऊन, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाची अक्षरे जमशेटजींनी त्याच्या आतल्या कण्यावर कोरून ठेवली, आणि कित्येक वर्षांनी दुरुस्तीसाठी जहाज गोदीत आले तेव्हा ती शांतपणे दाखवून दिली. ही कथा वाडिया घराण्याच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. तिचा मथितार्थ जाणण्यासारखा आहे: आपले उत्तर त्यांनी ज्या जागी लिहिले, ती जागा जहाज उघडून तपासल्याशिवाय कुणालाही दिसणारी नव्हती.

इंग्लंडमध्ये ओकची जंगले विरळ होत चालली होती आणि नेपोलियनशी युद्ध तर थांबत नव्हते. अशा वेळी नौदलाने मुंबईत स्वतःची जहाजे बांधून घेण्याचे ठरवले. या कामावर इंग्लंडहून एखादा गोरा मुख्य कारागीर पाठवावा असा विचार प्रथम होता. पण जमशेटजींची कीर्ती एव्हाना तेथवर पोचली होती आणि अखेर जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली. १८०५ मध्ये त्यांनी बांधलेले फ्रिगेट पुढे सालसेट, म्हणजे आपली साष्टी, या नावाने ओळखले जाऊ लागले. १८०८ च्या हिवाळ्यात बाल्टिक समुद्रात ते बर्फात सापडले. सोबतची बरीच जहाजे नष्ट झाली, सालसेट बचावले. उष्ण कटिबंधातील सागवान आणि मुंबईच्या सुतारांची जोडणी उत्तरेच्या बर्फाच्या दाबालाही पुरून उरली. याच सालसेटवरून १८१० मध्ये कवी बायरनने प्रवास केला. त्याच प्रवासात त्याने दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली.

१९ जून १८१० रोजी मिंडेन हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज मुंबईच्या नव्या डंकन गोदीतून पाण्यात उतरले. ब्रिटिश नौदलाचे एवढ्या श्रेणीचे जहाज ब्रिटनबाहेरच्या गोदीत बांधले जाण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. पाठोपाठ दुसऱ्या कॉर्नवॉलिसचे काम सुरू झाले. त्यासाठी लागणारे तांब्याचे पत्रे आणि नव्या जहाजांचे नकाशे घेऊन जावा हे जहाज इंग्लंडहून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौकेने ते जिंकले आणि नष्ट केले. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. त्या नकाशांतील एक जहाज होते ट्रिंकोमाली. त्याचा कणा १८१६ मध्ये पडला. पारशी प्रथेप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी झाला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यावर आले.

या यशाला एक दुखरी बाजूही होती. मुंबईची जहाजे टिकाऊ ठरत होती, आणि नेमकी हीच गोष्ट टेम्सकाठच्या जहाजबांधणी करणाऱ्यांना सलत होती. हिंदी जहाजांनी लंडनमध्ये माल आणावा याला त्यांचा कडवा विरोध होता आणि १८१५ च्या सुमारास कायद्यांनी या जहाजांवर बंधने येऊ लागली. इकडे मलबारातील जंगलांवर कंपनीने १८०६ पासून मक्तेदारी लादली. स्थानिक लोकांच्या हक्काचे सागवान गोदीकडे वळवले जाऊ लागले. जमशेटजींनी बांधलेल्या जहाजांच्या तोफा कोणावर रोखल्या जात होत्या, हेही विसरून चालणार नाही. १८०९ आणि १८१९ साली रास अल खैमावर चालून आलेली आरमारे मुंबईहूनच निघाली होती. १८४२ मध्ये चीनवर लादलेला नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसच्याच डेकवर झाला. कारागिराच्या हातचे काम चोख असते. त्याचा उपयोग कशासाठी व्हावा हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती नसतो. जमशेटजींचे थोरपण सांगताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी जमशेटजींचे निधन झाले. गोदीची सूत्रे त्यांचे पुत्र नवरोजी यांनी हाती घेतली. त्यांच्या काळात बांधलेले एशिया हे जहाज १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे प्रमुख जहाज होते. १८२६ मध्ये मस्कतच्या सय्यद सईद यांच्यासाठी मुंबईत बांधलेले लिव्हरपूल हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज त्यांनी दहा वर्षांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिले आणि तेथे त्याला इमाम असे नाव मिळाले. आखाताशी असलेले मुंबईच्या गोदीचे नाते असे दुपेडी आहे. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचे एक तैलचित्र आहे. पागोटे, शुभ्र अंगरखा आणि कंबरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी, अशा वेषात ते त्यात दिसतात.

त्यांच्या कामाची खरी साक्ष मात्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आहे. ट्रिंकोमालीने लांबलचक आयुष्य पाहिले. पहिली पंचवीसेक वर्षे ते वापराविना नांगरून ठेवले होते, नंतर समुद्रावर गेले, मग प्रशिक्षणनौका झाले, १८९७ मध्ये विकले गेले आणि फूद्रॉयां या दुसऱ्याच नावाने आणखी नव्वद वर्षे जगले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले आणि १९९० पासून दहा-अकरा वर्षे त्याचा जीर्णोद्धार चालला. तो करणाऱ्यांनी तीच जुनी रीत पाळली: प्रत्येक भाग उघडायचा, जोखायचा, कुजलेला बदलायचा आणि निरोगी असेल तो ठेवायचा. काम संपले तेव्हा सांगाड्यातील निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच, म्हणजे मुंबईत बसवलेले सागवान असल्याचे दिसले. पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून आज लोक ती पाहायला जातात.

उम्म सुकैमच्या धक्क्यावरील आपल्या छोट्या नौका फायबरच्या आहेत आणि त्यांचे बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे आहेत. पण हे पोलाद न गंजण्याचे कारण त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म थर असतो, आणि तो टिकण्यासाठी हवा लागते. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या पट्ट्या डेकमधून आत शिरतात, तेथे खारे पाणी अडकते आणि हवा पोचत नाही; मग बाहेर आरशासारखी चमकणारी पट्टी आत बारीक चिरांनी पोखरली जाते. आखाताचे पाणी महासागरापेक्षा अधिक खारे आणि उन्हाळ्यात अतिशय उष्ण असल्याने हे इथे लवकर घडते. पट्टी तुटली की भर वाऱ्यात डोलकाठी कोसळते, आणि त्या वेळी नौकेवर पुष्कळदा आपलीच मुले असतात. तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक तरी पट्टी पूर्ण सोडवून बाहेर काढावी, भिंगाखाली पाहावी आणि तिच्यावर चीर किंवा तांबूस डाग दिसला तर तिच्या जोडीच्या सगळ्याच बदलाव्यात. बदलताना एका वेळी एकच सोडवावी आणि तोवर डोलकाठीला दोरांचा तात्पुरता आधार द्यावा. मुंबईच्या गोदीत बारा रुपये पगारावर काम करणारा तो तरुण सुतार हेच शिकला होता.